किमो चालू असलेल्या घरातून सारखे येणारे प्रश्न, एकदाचे लिहून काढले

आईच्या आठ किमो झाल्या. पहिली मार्चच्या सुरुवातीला, शेवटची जुलै संपता संपता, म्हणजे अख्खा जळगावचा उन्हाळा त्यातच गेला. तेव्हापासून नात्यागोत्यात कुणाला कॅन्सर निघाला की माझा नंबर दिला जातो, चोपड्याहून फोन, पारोळ्याहून फोन, शिरपूरहून, एकदा तर थेट सुरतहून (आपली अर्धी माणसं तिकडेच आहेत), आणि प्रश्न तेच ते. म्हणून इथे लिहून ठेवतोय. मी डॉक्टर नाही, माझं बियाण्याचं दुकान आहे. जे कळलं ते आईच्या डॉक्टरांना आणि डे-केअरच्या सिस्टरांना विचारून विचारून कळलं. तुमच्या पेशंटचा डोस आणि गोळ्या तुमचे डॉक्टरच ठरवतील, त्यात माझं काही ऐकू नका.

१. किमो म्हणजे नक्की काय? शेक देतात तेच का?

नाही. शेक म्हणजे रेडिएशन, काही जण त्याला लाईट म्हणतात, ते मशीनखाली झोपवून ठरलेल्या जागेवरच देतात. किमो म्हणजे औषध, बहुतेक वेळा सलाईनमधून शिरेत, कधी गोळीतून, आणि ते रक्तातून अंगभर फिरतं. फायदा त्याचाच आणि त्रासही त्याचाच, कारण स्कॅनमध्ये न दिसणारी एखादी पेशी लिव्हरमध्ये नाहीतर हाडात जाऊन बसली असेल तर तिथपर्यंत ते पोचतं. तोंडाच्या आणि गर्भाशयाच्या मुखाच्या कॅन्सरला बऱ्याचदा दोन्ही सोबत चालू असतं, आठवड्याला एक सिसप्लॅटिन आणि रोजचा शेक, कारण त्या औषधाने शेकाचा परिणाम वाढतो. कॅन्सर कुठला त्यावर औषध ठरतं, त्यामुळे शेजारच्या काकूंची फाईल आणि आपली फाईल शेजारी ठेवून तुलना करत बसू नका.

२. औषधाला कसं कळतं की ही पेशी कॅन्सरची आहे?

कळत नाही, तीच तर गोम आहे. साधी किमो बघते ती एकच गोष्ट, कोण भराभर विभागतंय. पेशी एकाची दोन व्हायला लागली की तिला डीएनएची कॉपी काढावी लागते, मग दोन भाग ओढून वेगळे करावे लागतात. काही औषधं डीएनएच तोडतात, काही कॉपी काढायचं सामान बिघडवतात, आणि पॅक्लिटॅक्सेलसारखी औषधं ओढणाऱ्या दोऱ्याच जाम करून टाकतात. पेशी मधेच अडकते आणि मरते.

आता अंगात भराभर विभागणाऱ्या चांगल्या पेशीही आहेत. केसांची मुळं, तोंडाच्या आणि आतड्याच्या आतलं अस्तर, हाडातल्या मगजात रक्त तयार होतं ती जागा. म्हणून केस जातात, तोंड येतं, जुलाब लागतात, काउंट (रक्तातल्या पेशींचे आकडे) पडतात. पुढचे बरेच प्रश्न या एका गोष्टीतूनच निघालेत. फरक एवढाच की चांगल्या पेशींना दुरुस्ती जमते, कॅन्सरच्या पेशीला ती नीट जमत नाही, आणि दोन डोसांमधलं अंतर त्या दुरुस्तीसाठीच ठेवलेलं असतं.

३. मग एकदाच मोठा डोस देऊन विषय संपवत का नाहीत? सहा-सहा, आठ-आठ वेळा कशाला?

केळीवाले असाल तर लगेच कळेल. खोडाजवळची पिलं एकदा कापून भागतं का? पंधरा दिवसांनी परत फुटतात, परत कापायची. किमोच्या वेळी ज्या पेशी विभागत असतात त्या सापडतात, ज्या शांत बसलेल्या असतात त्या सुटतात आणि नंतर जाग्या होतात. शिवाय प्रत्येक डोसला पेशींचा काही हिस्साच मरतो, सगळ्या नाही. आणि एकदम मोठा डोस दिला तर मगज परत उभाच राहणार नाही. म्हणून २१ दिवसांनी, कधी १४ दिवसांनी, कधी दर आठवड्याला.

४. ऑपरेशन झालं, गाठ पूर्ण निघाली असं डॉक्टरच म्हणाले, तरी किमो का?

गाठ निघाली, पण सुटलेल्या पेशी असतील तर त्या काही कापून निघत नाहीत, त्यांच्यासाठी. आईचं असंच होतं. कुणाला आधी किमो देतात, गाठ आक्रसवून मग ऑपरेशन. रक्ताच्या कॅन्सरला तर कापायला गाठच नसते, तिथे किमोच मुख्य. हॉजकिन लिम्फोमा (लिम्फच्या गाठींचा कॅन्सर), पुरुषांच्या अंडकोषाचा कॅन्सर, लहान मुलांचा रक्ताचा कॅन्सर, हे पसरलेले असले तरी मुख्यतः किमोवर बरे होणारे आजार आहेत. आणि काही वेळा आजार इतका पसरलेला असतो की बरा करणं हा उद्देशच नसतो, दिवस वाढवणं आणि त्रास कमी करणं हा असतो. डॉक्टरांना सरळ विचारा, ‘ही किमो बरं करायला आहे की आटोक्यात ठेवायला?’ हा प्रश्न विचारायला लोक घाबरतात, मीही तिसऱ्या किमोला विचारला. पण मधेच थांबायचं का (प्रश्न २१) ते या उत्तराशिवाय ठरवताच येत नाही.

५. किमो म्हणजे विषच असतं म्हणतात, खरं आहे का?

सुरुवात खरोखर विषापासूनच झाली. पहिल्या महायुद्धातल्या मस्टर्ड गॅसने माणसांच्या पांढऱ्या पेशी खलास होतात हे लक्षात आलं होतं, तर १९४२ मध्ये अमेरिकेत येल विद्यापीठात त्याच जातीचं नायट्रोजन मस्टर्ड लिम्फोमाच्या एका पेशंटला दिलं. गाठी विरघळल्या, पण परत आल्या. मग १९४७-४८ मध्ये अमेरिकेतल्या डॉक्टर सिडनी फार्बरने रक्ताचा कॅन्सर झालेल्या लहान मुलांना अमिनोप्टेरिन दिलं, आणि ते औषध ज्या टीमने बनवलं तिचे प्रमुख होते आपले यल्लाप्रगडा सुब्बाराव, आंध्रातल्या भीमावरमचे. आजही वापरतात ते मिथोट्रेक्सेट त्याच घराण्यातलं.

आणि गंमत ऐका, व्हिनक्रिस्टिन आणि व्हिनब्लास्टिन ही औषधं सदाफुलीतून निघालीत. हो, आपल्या ओट्यापुढे असते तीच. कॅनडात तिची डायबेटिसवर परीक्षा चालली होती, साखर काही कमी झाली नाही, उंदरांच्या पांढऱ्या पेशी मात्र कमी झाल्या. हे वाचून कृपा करून सदाफुलीचा काढा करू नका, दोघांनी मला तसं विचारलंय म्हणून सांगतो. किती पानांत किती औषध, याचा काही हिशोब नसतो आणि जास्त झालं तर नसा आणि मगज दोन्ही जातात. दुकानातलं कीटकनाशकही झाकणाने मोजूनच टाकतो ना आपण.

६. त्या दिवशी दवाखान्यात काय काय होतं? किती वेळ लागतो?

आदल्या दिवशी किंवा सकाळी रक्त. रिपोर्ट ठीक असला तर वजन, कारण डोस उंची आणि वजनावरून काढतात. मग उलटीची आणि अॅलर्जीची इंजेक्शनं, त्यानंतर किमो. औषधावर आहे, कुणाचं तासाभरात होतं, पॅक्लिटॅक्सेलला आमचा अख्खा दिवस जायचा. पहिल्या किमोच्या आधी हिपॅटायटिस बीची टेस्ट, गरजेप्रमाणे टूडी इको (हृदयाची सोनोग्राफी), आणि दात किडलेले असतील तर ते आधीच बघून घ्या, नंतर अवघड होतं.

एक गोष्ट लक्षात ठेवा. सुई टोचली तिथे जळजळ, आग, सूज असं काही वाटलं तर ‘सहन होईल’ म्हणून गप्प बसायचं नाही, त्या सेकंदाला सिस्टरांना हाक मारायची. लाल औषधासारखी (लाल रंगाचं डॉक्सोरुबिसिन) काही औषधं शिरेबाहेर गळली तर आजूबाजूचं मांस जळतं. आपल्याकडच्या बायका नेमक्या इथेच सोसतात. शिरा सापडत नसतील तर छातीच्या कातडीखाली पोर्ट, म्हणजे औषध सोडायची छोटी डबी, बसवतात, त्याला घाबरू नका, उलट दर वेळची टोचाटोची वाचते.

७. किमोनंतर कुठले दिवस खराब जातात?

ज्या एका गोष्टीने आमचं घर सावरलं ती म्हणजे भिंतीवरचं कॅलेंडर. किमोच्या तारखेवर लाल टिकली, तो पहिला दिवस. तिथून मोजत जायचं.

दिवस १ ते ३, माणूस चक्क बरा दिसतो, कारण सोबत स्टेरॉइड दिलेलं असतं. आई तर पहिल्या किमोनंतर रात्री दोन वाजता डबे घासत बसली होती, झोपच नाही. सगळे म्हणाले, बघा काही त्रास नाही. मग तिसऱ्या-चौथ्या दिवशी स्टेरॉइड उतरलं आणि ती आडवी झाली ती झालीच, मळमळ, अंगात त्राण नाही, बोलणंसुद्धा नको. आजीला वाटलं मोठंच काहीतरी झालं. नव्हतं झालं, चौथा दिवस होता.

पाचव्या-सातव्या दिवसापासून तोंड येऊ शकतं (प्रश्न १२). सातव्या ते चौदाव्या दिवसात पांढऱ्या पेशी सगळ्यात खाली जातात. गंमत अशी की या दिवसांत माणसाला बरं वाटायला लागलेलं असतं, तो म्हणतो चला देवळात जाऊन येतो, लग्न आहे जाऊन येतो. धोका नेमका तेव्हा. हे आठ दिवस कॅलेंडरवर पेनाने चौकट करून ठेवायचे. गर्दी नाही, सर्दी-खोकला असलेला पाहुणा नाही, शिळं नाही. भेटायला येणाऱ्यांना फोनवरच सांगायचं, वाईट वाटू द्या. पंधराव्यानंतर काउंट वर येतात, चव परत येते, आखाजी, बारसं, बँकेचं काम जे काय असेल ते या आठवड्यात बसवायचं.

हे २१ दिवसांच्या किमोचं गणित. दर आठवड्याच्या किमोला एवढे चढउतार नसतात, थकवा हळूहळू साठत जातो.

८. ताप आला तर क्रोसिन देऊन बघू का?

नाही. आधी थर्मामीटर. १००.४ किंवा त्याच्या वर असेल तर लगेच दवाखान्यात फोन आणि निघायचं, रात्रीचे दोन वाजलेले असले तरी. पॅरासिटामॉल आधीच दिलं तर ताप उतरून जातो आणि आतला इन्फेक्शन दिसत नाही.

पांढऱ्या पेशी खाली असताना पू होत नाही, सूज येत नाही, ताप हा एकच निरोप असतो, आणि तिथून माणूस काही तासांत बिघडू शकतो. अशा पेशंटला शिरेतून अँटिबायोटिक लवकरात लवकर, दवाखान्यात पोचल्यावर शक्यतो तासाच्या आत सुरू करावं लागतं. थंडी वाजून हुडहुडी भरली, माणूस बरळायला लागला, तर ताप नसला तरी निघायचं.

मी काय केलं ते सांगतो. चौथी किमो, दहावा दिवस, मे महिना, बाहेर ४५ डिग्री. संध्याकाळी आईचं अंग तापलं. मला वाटलं ऊन लागलं. तळपायाला कांदा चोळला, एक गोळी दिली, ताप उतरला, आम्ही झोपलो. पहाटे चारला तिला उभं राहता येईना. नंतर चार दिवस ॲडमिट. डॉक्टर रागावले नाहीत, फक्त विचारलं, ‘कितवा दिवस होता?’ कॅलेंडर समोर टांगलेलं होतं आणि मी तारीख बघितली नव्हती.

आणखी एक. गावातल्या डॉक्टरकडे जाऊन कमरेत इंजेक्शन घेऊ नका. प्लेटलेट कमी असतील तर आत रक्त साकळतं. दुखण्याच्या गोळ्याही न विचारता नकोत. निघताना किमोची फाईल सोबत घ्या आणि आत शिरताच ‘किमो चालू आहे, अमुकावा दिवस आहे’ हे पहिलं वाक्य बोला.

९. इतक्या लांब गेलो आणि काउंट कमी आहेत म्हणून परत पाठवलं. उशीर झाला तर आजार वाढेल का?

एखादा आठवडा पुढे गेल्याने सहसा काही बिघडत नाही, खाली काउंटवर किमो दिली तर मात्र बिघडू शकतं. साधारण बघतात ते न्यूट्रोफिल १,५०० च्या आणि प्लेटलेट १ लाखाच्या आसपास आहेत का, प्रत्येक औषधाचा आकडा वेगळा. फेरा वाचवायचा तर आदल्या दिवशी गावच्या लॅबमध्ये सीबीसी करून रिपोर्ट पाठवा आणि ‘येऊ का?’ विचारूनच गाडीत बसा. काउंट वारंवार पडत असतील तर किमोनंतर दुसऱ्या दिवशी वगैरे वाढवायचं इंजेक्शन देतात, त्याने कंबर आणि मांड्या ठणकतात, मगज कामाला लागल्याची ती खूण. बीट, डाळिंब, पपईने पांढऱ्या पेशी वाढत नाहीत. आवडत असेल तर खावं, उपाय म्हणून नको.

१०. केस जाणारच का?

सगळ्यांचे नाही. लाल औषध (डॉक्सोरुबिसिन) आणि पॅक्लिटॅक्सेल असेल तर जवळपास सगळ्यांचेच जातात, पहिल्या किमोनंतर दोन-तीन आठवड्यांत. कॅपेसिटाबिन किंवा ऑक्झॅलिप्लॅटिन असेल तर थोडे विरळ होतात एवढंच. आमच्याकडे सोळाव्या दिवशी उशीवर पुंजके दिसले. आईने अठराव्या दिवशी स्वतःच न्हाव्याला घरी बोलवायला सांगितलं, रोज थोडं थोडं बघण्यापेक्षा बरं. भुवया आणि पापण्याही जातात हे आधी कुणी सांगत नाही. संपल्यावर येतात परत.

११. उलट्या किती होतात? सिनेमात दाखवतात तसं असतं का?

तसं आता फार राहिलेलं नाही. गोळ्या चांगल्या आल्यात. पण त्या उलटी होण्याआधी घ्यायच्या असतात, ‘झाली तर देऊ’ म्हणून डबीत ठेवल्या तर उपयोग नाही. सिसप्लॅटिन आणि लाल औषधाची मळमळ दुसऱ्या ते पाचव्या दिवसापर्यंत रेंगाळते, म्हणून घरी तीन-चार दिवसांच्या गोळ्या देतात, त्या पूर्ण घ्या. रात्री ओलान्झापिन दिलेली असेल आणि कुणी म्हणालं की ही तर वेड्यांची गोळी आहे, तर दुर्लक्ष करा, कमी डोसमध्ये ती मळमळीवर फार छान चालते, झोप मात्र येते. दिवसभर पाणीसुद्धा पोटात राहत नसेल तर दवाखाना.

१२. तोंड आलंय, चव नाही, ‘माले काहीच गोड लागत नही’ म्हणते. काय खायला द्यावं?

आपल्या जेवणाचं अवघड आहे, कारण सगळं मिरचीवर उभं. शेवभाजी, ठेचा, काळ्या मसाल्याची आमटी हे चौकटीतल्या दिवसांत बंदच. आईला जमलं ते असं: मऊ मुगाची खिचडी तूप घालून, ज्वारीची पेज, कळण्याची भाकरी गरम दुधात नाहीतर वरणात भिजवून, भरीत पण मिरची न घालता आणि वरचा कच्चा कांदा काढून, बट्टी कुस्करून पातळ वरणात, उकडलेलं अंडं. केळी तर देवाने दिलीच आहेत, साल काढून खायचं फळ म्हणून इन्फेक्शनच्या दृष्टीनेही बरी. भूक नसली की ताट समोर ठेवू नका, वाटी ठेवा, दर दोन तासांनी.

तोंडासाठी दिवसातून चार-पाच वेळा मीठ-खायच्या सोड्याच्या पाण्याने गुळण्या, मऊ ब्रश, दारू असलेला माउथवॉश नको. मिश्री, तंबाखू, गुटखा बंद, हे मला लिहावं लागतंय याचंच वाईट वाटतं पण किमोच्या वॉर्डाबाहेर पुडी फोडणारे मी बघितलेत. बाहेरची पाणीपुरी, बर्फ घातलेला रस, कापून ठेवलेली फळं, कच्चं दूध नको. स्टीलच्या चमच्याने जेवण लोखंडासारखं लागतं म्हणत असतील तर लाकडी किंवा प्लास्टिकचा चमचा देऊन बघा, आमच्याकडे फरक पडला.

१३. उन्हाळ्यात किमो आहे, फ्रीजचं पाणी दिलं तर चालेल का?

बहुतेकांना चालतं. एक अपवाद पक्का लक्षात ठेवा, ऑक्झॅलिप्लॅटिन. आतड्याच्या आणि पोटाच्या कॅन्सरला हे देतात. याच्यानंतर काही दिवस थंड वस्तूला हात लावला की विजेचा झटका बसल्यासारखं होतं, आणि थंड पाणी प्यायलं तर घसा आवळून श्वास अडकल्यासारखा वाटतो. जीव जात नाही त्याने, पण माणूस भयंकर घाबरतो. मे महिन्यात भुसावळला बसून कोमट पाणी प्यायचं म्हणजे शिक्षाच, माठाचंही नको. कूलरच्या थेट झोतात बसू नका.

बाकी सगळ्यांनी पाणी भरपूर प्यायचं, सिसप्लॅटिनवाल्यांनी तर किडनीसाठी सांगितलंय तेवढं मोजून. जुलाब असतील तर ओआरएस. प्रवास पहाटेचा ठेवा.

१४. हातापायाला मुंग्या येतात, बटण लागत नाही, हे कमजोरीमुळे का?

नाही, नसांवर परिणाम झालाय. पॅक्लिटॅक्सेल, ऑक्झॅलिप्लॅटिन, सिसप्लॅटिन, व्हिनक्रिस्टिन यांनी होतं. टॉनिकने जात नाही. दर किमोला डॉक्टरांना सांगा, कारण वाढत असेल तर डोस कमी करतात, आणि न सांगता सहन केलं तर कायमचं राहू शकतं. अनवाणी फिरू नका, पायाला काटा रुतलेला कळत नाही, चुलीजवळ चटका कळत नाही.

१५. लघवी लाल झाली! रक्त जातंय का?

लाल औषध दिलं असेल तर एक-दोन दिवस तोच रंग असतो, ठीक आहे. तिसऱ्या दिवसानंतरही लाल असेल, किंवा लघवीला जळजळ असेल, तर दाखवा.

१६. घरात लहान मुलं आहेत. पेशंटची भांडी, अंथरूण वेगळं ठेवायचं का?

कॅन्सर लागत नाही आणि किमोही हवेतून उडत नाही. मिठी मारा, मांडीवर बसवा, एका ताटात जेवा. साधारण ४८ तास लघवी, संडास, उलटीतून औषध बाहेर पडतं, तेवढ्यात संडासात दोनदा भरपूर पाणी टाका, साफ करणाऱ्याने हातमोजे घाला, खराब झालेले कपडे वेगळे धुवा. गरोदर बाईने ते काम करू नये. एवढंच. आमच्या एका नातेवाइकाने आईला वेगळा पेला दिला होता. ती काही बोलली नाही, पण त्यांच्याकडे परत गेली नाही.

उलट बाजूने मात्र जपा, मुलांचा ताप-सर्दी पेशंटला लागते. कांजिण्या निघालेलं पोर लांब ठेवा.

१७. शेतात गेलेलं चालतं का? घरी बसून जीव घाबरतो म्हणतात.

चांगल्या आठवड्यात सकाळी बांधावर चक्कर मारायला काय हरकत आहे. पण कडबा हलवणं, शेणखत उपसणं, जुन्या कणगीतलं धान्य काढणं नको, त्या धुळीत बुरशी असते आणि काउंट कमी असताना ती फुप्फुसात जाऊन बसते. फवारणीच्या वेळी तर शेतात नकोच. कापूस वेचताना बोंडाची टोकं बोटाला लागतात, दिसायला बारीक पण इन्फेक्शनला वाट तेवढी पुरे.

१८. सोबत गुळवेल, पपईच्या पानांचा रस, गोमूत्र चालू ठेवलं तर?

मला शिव्या खाव्या लागतात या उत्तरावर. किमो लिव्हर आणि किडनीतून बाहेर पडते, त्याच वेळी दुसरं काही लिव्हरवर टाकलं तर औषध अंगात साठू शकतं किंवा लवकर निघून जाऊ शकतं. गुळवेलीने लिव्हरला इजा झालेल्या केसेस मुंबईच्या डॉक्टरांनी नोंदवल्यात. भाजीतली हळद चालते, हळदीच्या कॅप्सूल विचारल्याशिवाय नकोत. जे काही चालू आहे ते डॉक्टरांना सांगा, लपवू नका. मोठा धोका वेगळाच आहे, ‘आधी सहा महिने हे करून बघू’ म्हणून बरा होणारा आजार हातचा घालवणं.

साखर बंद केल्याने कॅन्सर उपाशी मरत नाही. डायबेटिस असेल तर मात्र साखर रोज तपासा, स्टेरॉइडमुळे किमोनंतरचे दोन-तीन दिवस ती चढतेच.

१९. गोळ्यांची किमो सौम्य असते ना? आणि आत्याला संधिवाताला मिथोट्रेक्सेट दिलंय, म्हणजे तिला कॅन्सर आहे?

गोळी म्हणजे सौम्य असं अजिबात नाही. कॅपेसिटाबिन जेवणानंतर अर्ध्या तासात, साधारण १४ दिवस घ्यायची आणि ७ दिवस सुट्टी. तळहात-तळपाय लाल होऊन सोलायला लागले किंवा जुलाब चार-पाचच्या वर गेले तर गोळी थांबवून फोन करायचा, पत्ता संपवायचा म्हणून घेत राहायचं नाही. एक वेळ चुकली तर पुढच्या वेळी डबल नको.

स्तनाच्या कॅन्सरनंतरची टॅमॉक्सिफेन ही हार्मोनची गोळी, किमो नाही. इमॅटिनिबसारख्या टार्गेटेड गोळ्या कॅन्सरच्या पेशीतला एक विशिष्ट बिघाड पकडतात, त्या वेगळ्या. इम्युनोथेरपी अजून वेगळी, ती आपल्याच प्रतिकारशक्तीला मोकळं सोडते.

आत्याला कॅन्सर नाही. तेच औषध फार कमी डोसमध्ये संधिवाताला चालतं, आठवड्यातून एकदाच. पण रोजची समजून घेतली तर काउंट पडतात, तोंड सोलून निघतं, जीवही जाऊ शकतो. डबीवर वार लिहून चिकटवा.

२०. लग्न व्हायचंय किंवा मूल हवंय, त्यांनी काय करायचं?

पहिल्या किमोच्या आधी बोला, नंतर बोलून उपयोग कमी. पुरुषांना वीर्य साठवून ठेवता येतं, बायकांना बीजं किंवा गर्भ, थोडे दिवस लागतात. पाळी थांबते, वयाने लहान असेल तर बहुधा परत येते, चाळिशीच्या पुढे कमी वेळा. पाळी थांबली म्हणजे दिवस जाणार नाहीत असं मात्र समजू नका, किमो चालू असताना गर्भनिरोधक वापरायचंच. आणि ज्यांना गरोदरपणात कॅन्सर निघतो त्यांच्यासाठी, पहिले तीन महिने किमो टाळतात, त्यानंतर काही औषधं देता येतात, म्हणजे बाळ की आई असा निर्णय दर वेळी नसतो. अंगावर पाजणं बंद करावं लागतं.

२१. नाना म्हणतात आता बस, अजून एकही किमो नको. थांबवता येते का?

येते, शरीर त्यांचं आहे. पण आधी विचारा की नको कशामुळे. बऱ्याचदा किमो नको नसते, चौथ्या दिवसाची उलटी नको असते, आणि तिच्यावर औषध आहे. डोस कमी होऊ शकतो, औषध बदलू शकतं, अंतर वाढू शकतं. उद्देश बरं करणं असेल तर मधे सोडल्याने नुकसान मोठं. उद्देश आटोक्यात ठेवणं असेल आणि स्कॅनमध्ये फरकही नसेल, तर थांबून नुसतं वेदना कमी करणारी ट्रीटमेंट घेणं हा हार मानण्याचा प्रकार नाही. पण नानांना आजार काय आहे हे सांगितलंय का? आपल्याकडे फाईल पोरांकडे आणि पेशंटला सांगायचं फक्त ‘गाठीचं पाणी’. त्यांनी कशाच्या जोरावर ठरवायचं मग.

२२. काहीच त्रास होत नाही, म्हणजे औषध लागू पडत नाही का?

त्रास आणि गुण यांचा संबंध नाही. गुण स्कॅनवर आणि तपासण्यांवर कळतो. त्रास नाही तर खुशाल राहा, चौकटीतले दिवस मात्र पाळाच.

२३. मुंबईलाच जावं लागतं का? खर्चाचं कसं?

ट्रीटमेंटचा प्लॅन मोठ्या ठिकाणी करून किमो जवळ घेता येते, बरेच जण तसंच करतात. परळचं टाटा मेमोरिअल आहे, छत्रपती संभाजीनगरला सरकारी कॅन्सर हॉस्पिटल आहे, नाशिक आहे, नंदुरबारवाल्यांना सुरत जवळ. किमोच्या पायी दर २१ दिवसांनी रात्रीची गाडी पकडण्यापेक्षा जिथून ताप आल्यावर तासा-दीड तासात पोचता येईल ते ठिकाण मला तरी जास्त पटतं.

महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत किमो बसते, कुटुंबाला वर्षाला ५ लाखांपर्यंत. हॉस्पिटल योजनेत आहे का ते बघा आणि तिथल्या आरोग्यमित्राला रेशन कार्ड, आधार घेऊन किमो सुरू व्हायच्या आधी भेटा, आम्ही पहिल्या दोन किमोचे पैसे उगाच भरले. रेल्वेत कॅन्सर पेशंटला आणि सोबतच्याला तिकिटात सवलत मिळते, त्याचा फॉर्म दवाखान्यातून भरून घ्यायचा. मुंबईत राहायची अडचण असेल तर दादरला गाडगे महाराजांची धर्मशाळा आहे.

२४. शेवटची किमो झाली. आता कधी नॉर्मल होणार?

शेवटच्या किमोनंतरही २१ दिवस मोजायचेच, ताप आला तर प्रश्न ८ लागूच. चव महिन्याभरात, केस दोन-तीन महिन्यांत बारीक दिसायला लागतात, आईचे सरळ होते ते कुरळे आले. थकवा आणि विसरायला होणं बरेच महिने राहतं, ‘आता झालं ना बरं’ म्हणून लगेच कामाला जुंपू नका. कानबाईच्या रोटाला आई पाटावर बसली, पण पोळपाट-लाटणं सुनेकडे होतं, बोटांच्या मुंग्या अजून आहेत. लाल औषध झालं असेल तर हृदयाची तपासणी सांगतील तेव्हा करायची. पोर्ट काढला नसेल तर तो ठरलेल्या दिवसांनी फ्लश करून घ्यावा लागतो, नाहीतर तुंबतो. आमचा महिन्याने असतो, कॅलेंडरवर आता तेवढी एकच टिकली असते.